टेंभुर्णी, ठकू आणि माझी एक ओळ

ठकू,

तुझ्या तेराव्याला पंगतीत माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, “तुमी कोण व्हता म्हातारीच्या?”

मी म्हणाले, “शाळेत एका वर्गात होतो.”

तिनं माझ्या चष्म्याकडं पाहिलं, मग पायातल्या मोज्यांकडं. “ठकूबाई शाळंत गेलती व्हय?”

गेली होतीस. तिसरीपर्यंत गेली होतीस आणि पाढे माझ्यापेक्षा चांगले म्हणायचीस. पण ते मी त्या बाईला सांगितलं नाही. पानावर वाढून झालं होतं. तुझ्याबद्दल बोलायला लागले असते तर घास उतरला नसता, आणि न जेवता उठले असते तर रावसाहेबाला लागलं असतं. तुझा मुलगा तुझ्यावरच गेलाय. बोलत नाही, पण कोण जेवलं आणि कोण तसंच उठलं हे त्याला बरोबर कळतं.

म्हणून हे आता, घरी येऊन लिहिते आहे. तुला वाचता येत होतंच. जोडाक्षरापाशी अडायचीस, तेवढंच.

आपण दोघी पोलिस ॲक्शननंतरच्या. माझी जन्मतारीख वडिलांनी वहीत लिहून ठेवली होती. तुझी कुणी लिहिली नव्हती. तुझी आई सांगायची, “रझाकार गेले, त्याच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, टेंभरं पिकली तवा ही झाली.” त्या हिशेबानं तू माझ्याहून चार महिन्यांनी मोठी निघालीस, आणि तो मोठेपणा तू जन्मभर सोडला नाहीस. मी प्राध्यापक झाले, माझे केस पिकले, तरी तू मला “विमे, तुला कळत नाय, तू ल्हान हाईस” असं म्हणू शकायचीस. आता तसं म्हणणारं कुणी नाही.

फुलंब्रीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आपलं गाव. आमची जमीन ओढ्याकाठची, काळी. तुमचं घर वरच्या अंगाला, शेळ्यांच्या वाडग्याला लागून. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी न सांगता तुझ्यामागं डोंगरावर यायची, ती टेंभरांसाठी, टेंभुर्णीच्या फळांसाठी. सगळी झाडं वाळून कोळ झालेली असायची, पळसाचीसुद्धा फुलं झडून गेलेली, आणि त्या मुरमाड उतारावर काळ्या, चौकोनी भेगांच्या सालीची टेंभुर्णी नवी पालवी घेऊन उभी असायची. पिवळं झालेलं टेंभरू हातात घेतलं की त्याची टोपी काढायची, साल फोडायची आणि आतला गर बियांसकट तोंडात घोळवायचा. साखर घालून शिजवलेल्या भोपळ्यासारखी चव. पहिल्या दिवशी तू मला मुद्दाम कच्चं दिलं होतंस. जिभेला, टाळ्याला असा तोठरा बसला की मला बोलताच येईना. तू पोट धरून हसत होतीस. मग स्वतःच घाबरलीस आणि तुझ्या वाटचं पाणी मला पाजलंस.

तुझे वडील, ज्ञानबामामा, हातात टेंभुर्णीच्या गाभ्याची काठी घेऊन फिरायचे. काळीभोर, तुकतुकीत. तिला ते आबनूस म्हणायचे. “निजामाच्या वाड्यात याचे पलंग हाईत,” असं सांगायचे. खरं खोटं त्यांनाच माहीत. त्यांच्याकडूनच आपण ऐकलं की पूर्वी डोंगराच्या माथ्यापर्यंत टेंभुर्णी होती. रझाकारांचं राज्य गेलं आणि नवं सरकार अजून डोंगरापर्यंत पोचलं नव्हतं, त्या मधल्या दिवसांत कुणाचा कुणाला धाक राहिला नाही. ज्याच्या हाती कुऱ्हाड होती तो डोंगरावर गेला. “आमी बी गेलतो,” मामा म्हणायचे. “खोटं कशाला बोलावं. ही काठी तवाचीच हाय.”

तिसरीनंतर तुझी शाळा सुटली. आईला पाठोपाठ दोन मुलं झाली आणि शेळ्यांमागं जायला माणूस उरलं नाही. मी औरंगाबादला मावशीकडं शिकायला गेले, वनस्पतिशास्त्र घेतलं, तिथंच कॉलेजात लागले, हर्सूलच्या बाजूला घर झालं. तुझं लग्न झालं, तू सासरी गेलीस आणि पाच वर्षांत कपाळ पुसून, रावसाहेबाला कडेवर घेऊन परत आलीस. हे सगळं मला आईच्या बोलण्यातून कळायचं. मी भेटायला आले नाही. का आले नाही, याला कारण नाही. बसनं दीड तासाची वाट होती.

आले ते कामासाठी. आपण दोघी चाळिशी ओलांडून गेलो होतो. जिल्ह्यातल्या देशी झाडांची पाहणी करायचं काम कॉलेजाकडं आलं होतं: कोणतं झाड कुठं उरलंय, कशा जमिनीत, नवी रोपं येतात का, धोका कशाचा. माझ्या वाट्याला टेंभुर्णी आली. खरं तर मी ती मागून घेतली. मला डोंगर दाखवणारं माणूस हवं होतं म्हणून तुझ्या दारात येऊन उभी राहिले. तू भाकरी थापत होतीस. वर न बघताच म्हणालीस, “आलीस व्हय? बस. पीठ संपू दे.”

जशी काही मी काल गेले होते.

मी म्हणाले, “मला डोंगरावरच्या वाटा दाखवशील का?”

“डोंगराला वाट नसती, विमे. शेळ्या जातात तिकडं जायचं.”

तीन उन्हाळे आपण तुझ्या शेळ्यांमागं फिरलो. माझ्याकडं टेप, वही, नकाशा. तुझ्याकडं पाण्याची बाटली आणि फडक्यात भाकरी. मी झाडाचा घेर मोजायची आणि तू बाजूला उभी राहून त्याची हकिगत सांगायचीस: याच्यावर वीज पडली होती, याची साल कुणीतरी औषधाला खरवडून नेली, याला दोन वर्षं फळ नाही.

एका झाडापाशी मी म्हणाले, “हे गावात सगळे वांझ म्हणतात ते ना?”

“वांझ नाय ते. गडी हाय.” तू डहाळी खाली ओढलीस. “फुलं बघ. याला झुबक्यानं येत्यात. बाईमाणसाच्या झाडाला एकेकटं येतं. गड्याला कुठं फळं लागत्यात व्हय?”

टेंभुर्णीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात हे मी पंधरा वर्षं शिकवत होते. फळ्यावर आकृती काढत होते. पण डोंगरावर उभं राहून तिथल्या तिथं ओळखायला मला तूच शिकवलंस. गावानं त्या नर झाडांना वांझ ठरवून आधी तीच सरपणाला तोडली होती. त्यामुळं उरलेल्या झाडांवर फळ कमी कमी होत गेलं. “गडी मारले, मग म्हणतात बायकांना लेकरं का नायत,” तू म्हणालीस आणि हसलीस. मला हसू आलं नाही. तू पुढं निघून गेलीस.

आपलं भांडण तिथंच सुरू झालं. मी म्हणायची, टेंभुर्णी संपत चालली आहे. जुनी झाडं तेवढी उरलीत, बियापासून आलेलं गुडघाभर उंचीचं रोप मला तीन वर्षांत कुठं दिसलं नाही. तू म्हणायचीस, “तू वरवर बघतीस. खाली मुळं हाईत. तोडलं तरी फुटतं, जाळलं तरी फुटतं. टेंभुर्णी मरत नाय.” मी म्हणायची, फुटवे येतात, पण दरवर्षी कुणी ना कुणी ते छाटतं. त्यांचं झाड होत नाही, त्यांना फळ येत नाही. हे जगणं म्हणजे जगणं नव्हे. त्यावर तू माझ्याकडं पाहायचीस आणि म्हणायचीस, “जगणं ते जगणंच असतं वं.”

अहवालाच्या शेवटी एक तक्ता होता. त्यातला शेवटचा रकाना ‘ऱ्हासाची कारणे’. मी लिहिलं: सरपणासाठी तोड, वणवे व अनिर्बंध चराई.

अहवाल गेला. कॉलेजात माझं कौतुक झालं. पुढं दोन वर्षांनी, ज्यांच्या ताब्यात डोंगर होता त्यांनी तो चराईला बंद करायचं ठरवलं. गावात ग्रामसभा झाली. मी तिथं नव्हते. हे मला रावसाहेबानं फार नंतर सांगितलं. त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांनी कागद वाचून दाखवला. कुणीतरी विचारलं, चराईनं झाडं जातात हे कुणी ठरवलं? साहेबांनी माझं नाव घेतलं, ‘तुमच्याच गावच्या प्राध्यापिका बाई’ असं म्हणाले. तेव्हा अख्खी सभा तुझ्याकडं वळली. तीन उन्हाळे मला डोंगरभर फिरवणारी तूच होतीस. कुणीतरी म्हणालं, “हिनंच आणलती.” तू उठलीस, पदर झटकलास आणि घरी गेलीस.

डोंगराभोवती चर खणला गेला. आत गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही परकी झाडं लावली. झुडपं साफ केली, त्यात टेंभुर्णीचे फुटवेही गेले. लावणाऱ्या मजुरांना ते झुडूपच वाटलं, आणि त्यांना वेगळं सांगायला कुणी गेलं नाही. मीही गेले नाही. गावच्या शेळ्यांना ओढ्याकाठचा पट्टा तेवढा उरला, आणि तिथं आमच्यासारख्यांची शेतं. कुणाच्या बांधावर शेळी गेली की रोज शिव्या. तू एक पावसाळा तग धरलास. मग शेळ्या विकल्यास. सगळ्या एकाच बाजाराला नेल्यास, असं रावसाहेब म्हणाला. थोड्या थोड्या विकणं तुला जमलं नसतं.

तुला कळलं होतं की ती ओळ माझी आहे. तुला कळलंय हे मलाही माहीत होतं. आणि तरी त्यावर आपण कधी बोललो नाही, ठकू.

त्यानंतर आपली गाठ पडली ती चिकलठाण्याला, रस्त्यावर. मी परीक्षेच्या कामानं जालन्याला निघाले होते आणि बसची वाट बघत उभी होते. समोरच्या कंपनीच्या फाटकातून बायकांचा घोळका बाहेर आला. त्यात तू होतीस. पायात रबरी बूट, हातात डबा. मला वाटलं तू तोंड फिरवशील. तू सरळ माझ्यापाशी आलीस.

“मॅडम, बऱ्या हाव ना?”

“ठकू, मॅडम काय म्हणतेस?”

“हितं समदे तसंच म्हणतात शिकलेल्या बायांना.”

“इथं काय करतेस?”

“झाडते. पत्र्याचे तुकडे निघत्यात, ते गोळा करायचे. बूट देत्यात त्यांनीच.” तू खाली बुटांकडं पाहिलंस. “लई गरम व्हतात. पर पाय कापत नाय.”

मग तू घरच्यांची चौकशी केलीस. एकेकाचं नाव घेऊन विचारलंस, आणि प्रत्येक वेळी ‘तुमी’ म्हणालीस. मी शेळ्यांचं काही विचारलं नाही. माझी बस आली. मी चढले, खिडकीशी बसले आणि मागं वळून बघितलं नाही. जालन्यापर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं की तू मला विमे म्हणाली नाहीस.

त्या आठवड्यात मी डोंगर बंद करणाऱ्या ऑफिसला पत्र लिहिलं. टेंभुर्णीच्या ऱ्हासाला चराई कारणीभूत असल्याचं माझं विधान प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेलं नाही, ते मागे घेण्यात यावं, असं. उत्तर आलं नाही म्हणून स्वतः गेले. जुने साहेब बदलून गेले होते. टेबलापलीकडचे गृहस्थ भले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पत्र फाइलला लावलं आणि म्हणाले, “मॅडम, काम पूर्ण झालंय. आता बंदीची मुदत संपेपर्यंत काही करता येत नाही.” हे मी तुला येऊन सांगायला हवं होतं. निदान प्रयत्न केला एवढं तरी. पण सांगायचं म्हणजे आधी ‘ती ओळ माझी’ असं म्हणावं लागणार होतं.

डोंगर बंद झाल्यावर चौथ्या उन्हाळ्यात रावसाहेबाचा कॉलेजात फोन आला. “मावशी, आई भाजली. तुमाला बोलावती.”

मी दुपारच्या बसनं आले. तू ओसरीवर बसली होतीस, दोन्ही हातांना कोपरापर्यंत कसलासा लेप. भुवया जळून गेल्या होत्या, त्यामुळं तुझा चेहरा कुणा दुसऱ्याचाच वाटत होता. बंद डोंगरात चार वर्षं शेळीनं तोंड लावलं नव्हतं. गवत कमरेएवढं झालं होतं. आणि सकाळी ते पेटलं. सुट्टीचा वार होता म्हणून तू घरी होतीस. गावातल्या चार बायकांना घेऊन चर ओलांडलास आणि ओल्या डहाळ्यांनी आग झोडपत जुन्या टेंभुर्णीच्या उतारापर्यंत गेलीस.

मला बघून तुझं पहिलं वाक्य होतं, “माझं ऱ्हाऊ दे. आदी वर जाऊन झाडं बघून ये.”

मी गेले. गिरिपुष्पाची रोपं काळी पडली होती. जुनी टेंभुर्णी बुडाशी होरपळली होती, पण उभी होती. परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. तुझ्याजवळ बसले. म्हणाले, “तुझ्या शेळ्या तिथं असत्या तर गवत एवढं वाढलंच नसतं.”

“व्हय,” तू म्हणालीस.

मी माफी मागायच्या त्याहून जवळ कधी गेले नाही. तुझ्या त्या ‘व्हय’मध्ये राग शोधला, सापडला नाही. मीच विचारलं, “मग तू कशाला गेलीस विझवायला? तो डोंगर तुझा राहिला होता का?”

“शेळ्या मी इकल्या,” तू म्हणालीस. “टेंभुर्णीनं काय केलतं?” मग म्हणालीस, “विमे, पाणी दे गं. हात उचलत नाय.”

मी तांब्या तुझ्या तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत धरून ठेवला.

त्या वैशाखात जळालेल्या जमिनीतून जागोजाग टेंभुर्णीचे फुटवे वर आले. तांबूस, लवदार पानांचे. तू मला मुद्दाम बोलावून घेतलंस. प्रत्येक फुटव्यापाशी थांबायचीस, माझ्याकडं बघायचीस आणि पुढं चालायचीस. मी शेवटी म्हणाले, “बरं बाई, मुळं आहेत. मानलं.” पण गुडघ्यावर बसून मी एकेक उकरून पाहिला, आणि प्रत्येक फुटवा जुन्या मुळाचाच निघाला. बियाचा एकही नव्हता. ते मी तुला दाखवलं. तू म्हणालीस, “मग तू बी खरी आन् मी बी खरी. आता काय करायचं?”

त्यावर आपण पुढची कित्येक वर्षं बोललो. मी निवृत्त झाल्यावर महिन्यातून एकदा तरी यायची. एकदा तुला समजावून सांगत होते की झाडांच्या मोठ्या याद्या असतात, त्यात टेंभुर्णी धोक्यात असल्याचं कुठं म्हटलेलं नाही. पूर्वेकडच्या जंगलांत ती अमाप आहे, तिचीच पानं बिड्यांना जातात. तू नीट ऐकून घेतलंस.

“यादी करणारे हितं आलते का?”

“नाही. ती सगळ्या देशाची असते.”

“मग देशाला टेंभुर्णी हाय,” तू म्हणालीस. “आपल्याला नाय.”

आयुष्यभर मी जे नीट मांडू शकले नाही ते हेच होतं. झाडाची जात टिकते आणि गाव तिला मुकतं. फुटवे जमिनीला धरून तग धरतात, आणि खाली एक पिढी अशी वाढते जिला टेंभराची चव माहीत नसते. रावसाहेबाच्या पोरीला एकदा आपण पिकलेलं टेंभरू दिलं तर तिनं वास घेऊन ते हळूच खाली ठेवलं. तू मग पावसाच्या तोंडावर बिया टोकायला लागलीस. जिथं काट्यांचं कुंपण आपोआप झालेलं असेल अशा बोरीच्या, हेंकळाच्या जाळीत काठीनं भोक पाडायचं आणि दोन बिया टाकायच्या. किती उगवल्या ते मी विचारलं की म्हणायचीस, “मोजायला नाय लावल्या.”

डोंगराची मुदत संपली आणि चर बुजत आला, तेव्हा तू दोन शेळ्या घेतल्यास. दोनच. वय झालंय, जास्त झेपत नाहीत म्हणालीस. मागच्या माघात मी आले तेव्हा तू बाजेवर होतीस, दम लागत होता, आणि त्या दोघी बाजेच्या पायाशी बांधलेल्या होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तुला माहीत होतं. तरी तू बोरं किती गोड निघालीत याबद्दल बोलत होतीस. मग मध्येच, आवाज न बदलता म्हणालीस, “विमे, त्यो चराईचा शब्द तू कुठून आणलास?”

मी म्हणाले, “जुनी गोष्ट आहे ठकू.”

“जुनीच हाय. म्हणून तर इचारते. तीन उन्हाळे माझ्या शेळ्यांमागं फिरलीस. एकदा तरी टेंभुर्णीला तोंड लावताना बघितलंस का?”

तेवढ्यात तुझी सून चहा घेऊन आली. मी कप घेतला. किती मोकळं वाटलं मला तो कप हातात आल्यावर, तुला सांगते. तुझ्याशी, सुनेशी बोलले, औषधांचं विचारलं, उन्हं कलली म्हणून निघाले. तू परत विचारलं नाहीस. दारातून हात केला तर तूही केलास. चैत्रात तू गेलीस.

तेव्हा दिलं नाही ते उत्तर असं आहे.

मी तो शब्द डोंगरावरून आणला नव्हता. रात्रंदिवस डोक्यात काम होतं आणि घाईत चूक झाली, असंही नाही. दुपारची वेळ होती, कॉलेजातल्या माझ्या टेबलावर मी बसले होते. रकान्यात दोन कारणं लिहून झाली होती. तिसरी ओळ मोकळी होती. दुसऱ्यांचे जुने अहवाल समोर पडले होते, सगळ्यांत चराई होती. चराई लिहिलेली नसती तर कुणीतरी विचारलं असतं, बाई, हे कसं राहिलं? मला वाटलं, मी शेळ्यांमागून आले म्हणून मी शेळ्यांची बाजू घेतली असं म्हणतील. गावातली आहे म्हणतील. त्यांच्यातलीच. म्हणून मी ते लिहिलं. तुझ्या शेळ्या टेंभुर्णीजवळून तोंड न लावता जाताना मी शंभर वेळा पाहिलं होतं, ठकू. पाहिलं होतं आणि तरी लिहिलं. मला त्या अहवाल लिहिणाऱ्यांसारखं दिसायचं होतं.

तुझे आभार मानावेत असं पुष्कळ आहे. तू मला झाड ओळखायला शिकवलंस, सगळ्या गावासमोर माझ्यामुळं मान खाली घातलीस आणि तरी पुन्हा मला विमे म्हणालीस. पण आभार आधी लिहिले असते तर हे लिहायचं राहून गेलं असतं. माझी ती सवयच आहे.

तेराव्याचं जेवण आटोपल्यावर रावसाहेब माझ्याजवळ आला. “मावशी, शेळ्यांचं काय करू? मला कंपनीतून सुटका नाय, हिला शेत बघायचं. इकून टाकू का?”

मी म्हणाले, “दोन दिवस थांब.” आणि त्या रात्री घरी न जाता तुमच्याकडंच राहिले.

सकाळी मी त्या दोघींना सोडलं. रावसाहेबानं काठी दिली, घेतली. त्या पुढं आणि मी मागं. वाट कुठली ते विचारायची गरज पडली नाही. उताराला लागल्यावर त्या पसरल्या. मी एका दगडावर वही घेऊन बसले, आणि तीन उन्हाळे जे करायला हवं होतं ते केलं. शेळी कशाला तोंड लावते, किती वेळ, पुढं कुठं जाते, हे घड्याळ बघून लिहीत गेले. हिवराच्या शेंगा. बोरीचा पाला. खैर. पुन्हा बोर. टेंभुर्णीचे फुटवे भोवती पुष्कळ होते, नवे, कोवळे. त्या हुंगायच्या आणि पुढं जायच्या. थोरली तर हुंगायचीसुद्धा नाही. ऊन डोक्यावर आलं तरी मी लिहीत होते. पान भरलं, दुसरं घेतलं.

दुपारच्या सुमाराला धाकटीनं एका फुटव्याचं शेंड्याचं पान तोडलं. मी उठून जवळ गेले. तिनं चावलं, मान हलवली, आणखी एकदा चावलं आणि गिळलं.

एकच पान. पण गिळलं. वेळ टाकून मी तसं लिहून घेतलं. तू म्हणायचीस, शेळी टेंभुर्णीला कधीच तोंड लावत नाही. ‘कधीच’ हे खरं नाही, ठकू. मी खाली उतरून तुला हे सांगितलं असतं, तू म्हणाली असतीस की ती शेळी बाजारची आहे, तिला कळत नाही, आणि आपण दिवे लागेपर्यंत भांडलो असतो.

मी वही मिटली. शेळ्यांना हाक मारून बघितली. माझी हाक त्यांना ओळखीची नव्हती. पुष्कळ वेळ त्यांनी मान वर केली नाही.